ज्याचा तो विषय नव्हता

आमच्या घरी एक दगड आहे. बाबा वणीजवळच्या कोळशाच्या खाणीत कामाला आहेत. मी चौथीत असताना एकदा पहिल्या पाळीवरून परतताना त्यांनी तो डब्याच्या पिशवीतून घरी आणला. पाटीसारखा चपटा, करडा-काळा, आणि त्यावर उमटलेले एक पान. लांबट, जिभेच्या आकाराचे. मधली शीर ठसठशीत आणि तिच्या दोन्ही अंगांना बारीक शिरांची जाळी. कोळशाच्या थरांलगतच्या दगडात असली पाने पुष्कळ सापडतात आणि यंत्राखाली तितकीच फुटूनही जातात, असे बाबांनी सांगितले. आजीने पहिल्याच दिवशी त्या पानाला हळदकुंकू लावले. पुढे आईने तो दगड वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवला, आणि तेथेच तो वर्षानुवर्षे राहिला.

बारावीपर्यंत मी विज्ञान शाखेत होते. गणित आणि भौतिकशास्त्र यांनी माझी पुरती दमछाक केली आणि मी कला शाखेत आले. विज्ञान सोडून इकडे येणाऱ्याकडे लोक कसे पाहतात हे या वार्षिकाच्या बऱ्याच वाचकांना मी सांगायला नको. घरात ग्रहणाचा, भूकंपाचा किंवा साध्या पावसाचा विषय निघाला आणि मी तोंड उघडले, की हा आता तुझा विषय राहिला नाही, असे धाकटा भाऊ मला ऐकवतो. त्याचे वाईट वाटायचे मी सोडून दिले आहे असे म्हणेन, पण ते खरे नाही.

दुसऱ्या वर्षाला सर प्राकृतिक भूगोल शिकवत होते. खंडवहनाचा धडा चालू होता. सरांनी फळ्यावर खडूने एक पान काढले, जिभेच्या आकाराचे, मधल्या शिरेचे, जाळीदार. नाव लिहिले ग्लोसॉप्टेरिस. मी पाहतच राहिले. हे पान तर मी रोज रद्दीच्या गठ्ठ्यावर पाहते! दुसऱ्या दिवशी तो दगड टॉवेलात गुंडाळून कॉलेजात नेला. सरांनी तो भिंगाखाली बराच वेळ निरखला आणि सांगितले, की हे पान पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे, आणि असलेच पान दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि थेट अंटार्क्टिकातही सापडते.

त्या धड्यावर विद्यापीठाच्या परीक्षेत येणारा प्रश्न ठरलेला आहे : वेगेनरच्या सिद्धान्ताचे गुण-दोष लिहा. आमच्या वह्यांतून गुण चार होते आणि दोष सात. ज्या माणसाचे दोष मुले इतकी वर्षे पाठ करीत आली, तो होता तरी कोण, एवढेच मला जाणून घ्यायचे होते. ग्रंथालयात जे मिळाले ते वाचले, सरांना विचारून विचारून हैराण केले. त्यातून हाती आलेली ही त्याची कहाणी.

आल्फ्रेड वेगेनर याचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील रिचर्ड हे धर्मोपदेशक. ते प्राचीन भाषा शिकवीत आणि एक अनाथाश्रम चालवीत. आल्फ्रेड हे शेंडेफळ. थोरला भाऊ कुर्ट आणि तो यांची जोडी आयुष्यभर टिकली. भटकणे, बर्फावरून घसरत जाणे, डोंगर चढणे यांचा दोघांना सारखाच नाद. घरातले वातावरण लॅटिन-ग्रीकचे असले तरी दोघेही भाऊ विज्ञानाकडे वळले.

त्याने पदवी घेतली ती खगोलशास्त्राची. १९०५ साली डॉक्टरेटसाठी त्याने केलेले काम ऐकून मला हसूच आले. ग्रहांची स्थाने काढण्याची मध्ययुगातली काही जुनी कोष्टके होती, ती त्याने दशमान पद्धतीत आणली. पंचांगवाल्याचे काम म्हणा ना! पण दुर्बिणीपाशी एका जागी बसून राहणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याने खगोलशास्त्राला रामराम ठोकला आणि हवामानशास्त्रात उडी घेतली. ही उडी अगदी खरीखुरी होती. लिंडनबर्ग येथील वेधशाळेत तो आणि कुर्ट पतंग आणि बलून वर सोडून उंचावरच्या हवेची मापे घेत, आणि एप्रिल १९०६ मध्ये दोघे भाऊ एका बलूनमधून सलग साडेबावन्न तास तरंगत राहिले. त्या काळचा तो जागतिक विक्रम ठरला.

त्याच वर्षी एका डॅनिश मोहिमेबरोबर तो ग्रीनलंडला गेला. ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्याचा नकाशा पुरा करण्यासाठी ती मोहीम निघाली होती. वेगेनरने तेथे हवामानाचे ठाणे उभारले आणि ध्रुवीय हवेत पतंग उडवून तापमाने नोंदली. मोहिमेचा प्रमुख मायलिअस-एरिक्सन आणि त्याचे दोन सोबती मात्र बर्फातून परत आलेच नाहीत. वेगेनर सत्तावीस वर्षांचा होता. बर्फ माणसाचे काय करतो हे त्याने तेव्हाच पाहिले होते. तरीही त्यानंतर तो तीनदा तेथे गेला.

परत आल्यावर मारबुर्ग विद्यापीठात तो शिकवू लागला. याच काळात त्याचा व्लादिमिर कोपेन याच्याशी घरोबा झाला. कोपेन म्हटले की भूगोलाच्या विद्यार्थ्याच्या अंगावर काटा येतो. कोकणाला एक अक्षरजोडी, मराठवाड्याच्या अवर्षणाला दुसरी, आमच्या विदर्भाला तिसरी, अशी हवामानाची जी अक्षरे आपण रात्र-रात्र जागून पाठ करतो, ती याच कोपेनची. वेगेनरने या थोर हवामानशास्त्रज्ञाला गुरू मानले, आणि पुढे त्याची मुलगी एल्झा हिच्याशी लग्नही केले. कोपेनला एक आजोबा म्हणून, मुलीच्या काळजीने जावयाला चार शब्द सुनावणारा सासरा म्हणून पाहिले, की ती अक्षरे थोडी सुसह्य होतात, असा माझा अनुभव आहे.

१९१० चा नाताळ. वेगेनरच्या एका सहकाऱ्याला नकाशांचे मोठे पुस्तक भेट मिळाले होते. दोघे मिळून ते पाने उलटीत बसले. अटलांटिक महासागराचा नकाशा पाहताना वेगेनर थबकला. ब्राझीलचा पुढे आलेला कोपरा आफ्रिकेच्या आत गेलेल्या बाजूत नेमका बसेल, असे त्याला दिसले. समुद्राच्या पाण्याखाली खंडाची जी उथळ कड असते ती धरली तर जुळणी अधिकच चांगली. त्याने हे एल्झाला पत्राने कळवले आणि विषय तेवढ्यावर राहिला. हे साम्य त्याच्याआधीही काही जणांच्या नजरेत भरले होते. नकाशा पाहणाऱ्या कोणत्याही पोराच्या ते लक्षात येते. मलाही सातवीत आले होते, पण मी पान उलटले.

पुढच्या वर्षी, १९११ च्या शरदात, मारबुर्गच्या ग्रंथालयात त्याच्या हाती एक संकलन आले. ब्राझील आणि आफ्रिका येथे सापडलेल्या सारख्याच जीवाश्मांची ती जंत्री होती. गोड्या किंवा मचूळ पाण्यात राहणारा मेसोसॉरस नावाचा लहानसा सरपटणारा प्राणी फक्त दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेचा दक्षिण भाग येथेच सापडतो. तो अटलांटिक पोहून गेला काय? ग्लोसॉप्टेरिसचे पान पाच भूभागांवर सापडते. ते कसे गेले? यावर त्या वेळच्या विद्वानांचे उत्तर तयार होते. खंडांच्या मधून पूर्वी जमिनीचे लांबच लांब सेतू होते, त्यांवरून प्राणी-वनस्पती पसरल्या आणि नंतर ते सेतू समुद्रात बुडाले, असे ते म्हणत.

वेगेनरने जे केले ते येथे नीट समजून घ्यायला हवे, कारण आमच्या वह्यांत नेमके तेच सुटलेले असते. त्याने दोन वेगवेगळ्या खोल्यांतली माणसे एकत्र बसवली. जीवाश्मांचे अभ्यासक सांगत होते, की या भूमी एकेकाळी जोडलेल्या असल्याच पाहिजेत. तिकडे पृथ्वीचे गुरुत्व मोजणारे सांगत होते, की खंड हलक्या खडकाचे असून ते खालच्या जड खडकावर, पाण्यावर लाकडाचा ओंडका राहावा तसे तरंगून आहेत. मग खंडाएवढा सेतू बुडेल कसा? ओंडका काही दगडासारखा तळाला जात नाही. एकाचे खरे मानले तर दुसऱ्याचे खोटे ठरत होते, आणि दोघेही एकमेकांचे वाचत नव्हते. वेगेनरने दोघांचेही खरे मानले. भूमी जोडलेल्या होत्या. मधले काही बुडालेले नाही. तर मग भूमीच एकमेकींपासून दूर सरकल्या असणार.

६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथे भूवैज्ञानिकांच्या सभेत त्याने ही कल्पना मांडली, आणि चारच दिवसांनी मारबुर्ग येथे. त्याचे वय एकतीस. सभेतल्या लोकांच्या दृष्टीने तो पतंग उडवणारा हवामानवाला. खडक हा त्याचा विषयच नव्हता. सासरा होऊ घातलेल्या कोपेननेही त्याला या फंदात पडू नकोस, आपले हवामानशास्त्र पाहा, असाच सल्ला दिला होता.

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच जानेवारीत, १७ तारखेला, कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावर पोहोचला. परतीच्या वाटेवर त्याच्या तुकडीने एका हिमनदीकाठचे दगड गोळा केले. अन्न संपत आलेले, अंगात त्राण नाही, तरी ते दगड त्यांनी टाकले नाहीत. नोव्हेंबरात शोधपथकाला त्यांचे देह सापडले तेव्हा जवळ सुमारे सोळा किलो दगड होते, आणि त्यांतल्या काहींवर ग्लोसॉप्टेरिसची पाने होती. वेगेनरला हवा असलेला पुरावा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बर्फात पडून होता.

स्वतः वेगेनर तेव्हा कोठे होता? पुन्हा ग्रीनलंडमध्ये! डॅनिश अधिकारी कोख, एक आइसलंडचा माणूस, एक खलाशी आणि आइसलंडची सोळा तट्टे घेऊन हे चौघे १९१२ साली निघाले. कोख एका भेगेत कोसळून त्याचा पाय मोडला आणि कित्येक महिने तो अंथरुणाला खिळला. बर्फाच्या थरावर एक अख्खा हिवाळा काढून १९१३ च्या उन्हाळ्यात त्यांनी ग्रीनलंड आडवे पार केले. पश्चिम किनारा दिसू लागला तेव्हा शिधा संपला होता. शेवटचे तट्टू गेले, मग बरोबरचा कुत्रा मारून खावा लागला. तेवढ्यात एका दूरच्या वस्तीला भेट द्यायला निघालेल्या पाद्र्याने त्यांना पाहिले आणि ते वाचले. त्याच वर्षी वेगेनरने एल्झाशी लग्न केले.

१९१४ साली महायुद्ध आले. वेगेनरला पायदळात जावे लागले. पहिल्याच वर्षी दोनदा गोळी लागली, एकदा हाताला, एकदा मानेत. त्या सक्तीच्या रजेत त्याने आपले पुस्तक लिहून काढले, आणि १९१५ साली खंड आणि महासागर यांच्या उत्पत्तीवरचे ते पुस्तक प्रसिद्ध झाले. पाने शंभरही नाहीत! युद्धाच्या धामधुमीत ते फारसे कोणी वाचले नाही. पुढे १९२०, १९२२ आणि १९२९ साली त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या, आणि तिसऱ्या आवृत्तीची इंग्रजीसह अनेक भाषांत भाषांतरे झाली. सगळे खंड ज्यात एकत्र होते त्या महाखंडाचे पँजिया हे नाव याच पुस्तकातून आले.

त्याने पुरावे मांडताना एक दाखला दिला तो मला फार आवडला. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे कडेला कड लावून जुळवले, तर नुसत्या कडा जुळून भागत नाही. छापलेल्या ओळीही एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरळ जायला हव्यात. खंडांच्या बाबतीत डोंगरांच्या रांगा, खडकांचे थर, जीवाश्म या त्या ओळी. आणि जुन्या हिमनद्यांच्या खुणाही. ब्राझील, दक्षिण आफ्रिका, भारत आणि ऑस्ट्रेलिया येथे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या वाहत होत्या. आजच्या जागी खंड ठेवले तर या खुणा निम्म्या पृथ्वीवर विखुरतात; पँजियात जुळवून ठेवले तर दक्षिण ध्रुवाभोवती एक सलग हिमप्रदेश तयार होतो.

यातली एक खूण आमच्या जिल्ह्यालगतच आहे. चंद्रपूरच्या बाजूला इरई गावाजवळ पैनगंगेकाठी चुनखडीचा खडक आहे. त्यावर हिमनदीने तळाच्या गोट्यांनिशी घासत नेलेले ओरखडे आहेत. एकोणिसाव्या शतकातच भूवैज्ञानिकांनी त्यांची नोंद केली. गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या विभागाची सहल तेथे गेली. डोक्यावर रुमाल बांधलेले, पाण्याच्या बाटल्या संपलेल्या, आणि सर सांगत होते की तुम्ही हिमनदीच्या तळाशी उभे आहात! मुले हसली. मीही हसले. मग वाकून त्या ओरखड्यांवरून बोट फिरवले आणि हसू थांबले. ज्या भूमीवर हे घडले ती तेव्हा येथे नव्हती, एवढेच त्याचे सरळ स्पष्टीकरण आहे. गोंडवन हे नावही आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या भूमीवरून जगभर गेले. हिमालय म्हणजे उत्तरेकडे सरकणाऱ्या भारताने आशियाला दिलेल्या रेट्यातून पडलेल्या वळ्या, हेही वेगेनरने मांडले होते.

आता दोषांकडे येते, कारण ते खोटे नाहीत. खंड सरकले हे ठीक, पण त्यांना ढकलले कोणी? वेगेनरने दोन बले सुचवली. पृथ्वीच्या परिवलनामुळे खंडांना विषुववृत्ताकडे लोटणारे एक आणि चंद्र-सूर्यांच्या आकर्षणाने येणारे भरतीचे दुसरे. हॅरल्ड जेफ्रीज या इंग्रज गणितज्ञाने हिशेब करून दाखवले, की ही बले या कामासाठी कमालीची अपुरी आहेत. जेफ्रीजचे गणित बरोबर होते. दुसरी चूक ग्रीनलंडची. निरनिराळ्या वर्षी मोजलेल्या रेखांशांवरून वेगेनरने अनुमान काढले, की ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर पश्चिमेकडे सरकते. ती मोजमापेच सदोष होती. युरोपपासून ग्रीनलंड दूर जाते हे खरे, पण वर्षाला अवघे दोन-एक सेंटिमीटर. १९२६ साली न्यूयॉर्क येथे अमेरिकेतल्या तेल-भूवैज्ञानिकांच्या संघटनेने या कल्पनेवर परिसंवाद घेतला आणि तेथे बहुतेकांनी ती मोडीत काढली.

पण मला वाचताना जाणवले ते असे, की विरोधकांचा अर्धा राग गणिताचा होता आणि अर्धा मालकीचा. भूविज्ञान ज्याने शिकले नाही त्याने भूविज्ञानाचा पायाच काढून घ्यावा, हे सोसणे कठीण. जर्मनीतल्या एकाही विद्यापीठाने त्याला प्राध्यापकपद दिले नाही. कोणत्या खुर्चीत बसवावे हेच म्हणे कळत नव्हते. हवामानशास्त्र, खडक, चंद्रावरची विवरे (ती उल्कांच्या आघाताने झाली हे त्याने १९२१ सालीच मांडले आणि तेही पुढे खरे ठरले), किती म्हणून विषय! अखेर १९२४ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठाने त्याला बोलावले. त्याच वर्षी, ज्याने त्याला या वाटेला जाऊ नकोस म्हटले होते त्या कोपेनने, त्याच्या जोडीने प्राचीन काळातल्या हवामानांवर ग्रंथ लिहिला. कोळसा दमट प्रदेशाची साक्ष देतो, मिठाचे थर आणि वाळवंटी वाळू कोरड्या प्रदेशाची, हिमनद्यांचा गाळ थंडीची. या साक्षी पँजियाच्या नकाशावर मांडल्या तर हवामानाचे पट्टे आपोआप जागेवर येतात. वयाची पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाने आपले मत असे जाहीरपणे बदलावे, ही मला कोपेनच्या वर्गीकरणापेक्षा मोठी गोष्ट वाटते. १९२९ च्या आवृत्तीत वेगेनरने खंडांना हलवणारे बल अजून सापडलेले नाही हे मोकळेपणाने मान्य केले आणि आपला आग्रह पुराव्यांपुरता ठेवला.

आता १९३०. ग्रीनलंडच्या हिमस्तराचा वर्षभर अभ्यास करायचा, स्फोटांच्या लहरींवरून त्याची जाडी मोजायची, यासाठी जर्मन मोहीम निघाली आणि तिचा प्रमुख म्हणून वेगेनर. किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, हिमस्तराच्या मध्यावर, एक ठाणे उभारायचे होते. पण किनाऱ्यावरचा बर्फ वितळेना, जहाजातले सामान उतरवायलाच सहा आठवडे उशीर झाला. पंख्याच्या जोरावर पळणाऱ्या दोन मोटार-घसरगाड्या मुद्दाम नेल्या होत्या, त्या ऐन वेळी कुचकामी ठरल्या. मध्यावरच्या ठाण्यात गेओर्गी आणि झोर्गे हे दोघे शास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे राहायला झोपडीही पोहोचली नव्हती. त्यांनी निरोप धाडला होता, की २० ऑक्टोबरपर्यंत शिधा व इंधन आले नाही तर आम्ही पायी परत निघू. त्या थंडीत पायी निघणे म्हणजे मरणेच.

सप्टेंबर उलटत असताना वेगेनर स्वतः निघाला. बरोबर लोव्हे हा हवामानशास्त्रज्ञ, तेरा ग्रीनलंडवासी आणि पंधरा कुत्र्यांच्या घसरगाड्या. हवा इतकी वाईट, की बहुतेक ग्रीनलंडवासी वाटेतूनच परतले. त्यांना दोष कोण देईल? ओझे टाकत टाकत पुढे जावे लागले. शेवटी तिघेच उरले : वेगेनर, लोव्हे आणि रास्मुस व्हिलुमसेन नावाचा, नुकतीच विशी ओलांडलेला ग्रीनलंडचा तरुण. चाळीस दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, उणे ५० अंशांच्या थंडीत ते मध्यावर पोहोचले. आणि पाहतात तो काय, गेओर्गी आणि झोर्गे यांनी बर्फात गुहा खणली होती, आहे त्या शिध्यावर हिवाळा काढता येईल असा हिशेब केला होता आणि परत जाण्याचा बेत केव्हाच सोडला होता. ज्यांना वाचवायला हा माणूस आला त्यांना वाचवण्याची गरज उरली नव्हती, आणि ज्या शिध्यासाठी आला तो तर वाटेतच टाकावा लागला होता.

लोव्हेच्या पायाची बोटे थंडीने मेली होती. ती पुढे त्याच गुहेत, भूल न देता, खिशातल्या सुरीने कापावी लागली. त्याला हलवणे शक्य नव्हते. शिधा तिघांना जेमतेम पुरणारा होता. पाच जणांना पुरला नसता. वेगेनरने दोन दिवस विसावा घेतला. त्या गुहेतल्या नोंदी, मापे हे सारे पाहून तो अगदी खूश होता, असे मागे राहिलेल्यांनी पुढे सांगितले आहे. १ नोव्हेंबर १९३० रोजी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, सतरा कुत्री आणि दोन घसरगाड्या घेऊन वेगेनर आणि व्हिलुमसेन किनाऱ्याकडे निघाले. त्यानंतर त्यांना कोणीही जिवंत पाहिले नाही.

किनाऱ्यावरच्यांना वाटले ते मध्यावर राहिले असतील, मध्यावरच्यांना वाटले ते किनाऱ्यावर पोहोचले असतील. सहा महिने असेच गेले. १२ मे १९३१ रोजी वाटेच्या साधारण मध्यावर बर्फात उभ्या रोवलेल्या दोन स्की शोधपथकाला दिसल्या. त्यांच्या मधोमध खणल्यावर वेगेनरचा देह सापडला. खाली रेनडिअरचे कातडे, आणि देह झोपायच्या पिशव्यांच्या खोळींत नीट शिवलेला. अतिश्रमाने हृदय थांबले असावे. व्हिलुमसेनने एकट्याने, त्या थंडीत, त्या अंधारात, बोटे हातमोज्याबाहेर काढून ते टाके घातले असतील. वेगेनरची रोजनिशी घेऊन तो पुढे निघाला आणि बर्फात नाहीसा झाला. तो किंवा ती रोजनिशी आजवर मिळालेली नाही. तो माझ्याच वयाचा होता. त्याच्याविषयी याहून अधिक मला कोठे वाचायला मिळाले नाही, याची मात्र चुटपुट लागून राहिली आहे.

मोहिमेची सूत्रे भाऊ कुर्टने हाती घेतली आणि ठरलेले काम पुरे केले. वेगेनरचा देह जेथे होता तेथेच ठेवला. वर लोखंडी क्रूस उभारला, तोही कालांतराने बर्फाखाली गेला.

त्याच्यामागे तीन मुली होत्या. धाकटी लोट्टे हिने १९३८ साली हाइन्रिख हारर या गिर्यारोहकाशी लग्न केले. थोडे विषयांतर होते, पण हा हारर १९३९ साली हिमालयातून परतताना शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून इंग्रजांच्या हाती सापडला आणि त्याला प्रथम ठेवले ते त्या वेळच्या अहमदनगरच्या छावणीत! पुढे डेहराडूनच्या छावणीतून १९४४ साली तो निसटला आणि तिबेटात पोहोचला. खंडांच्या रेट्याने उचलला गेला असे सासऱ्याने ज्याच्याविषयी लिहिले, तोच हिमालय जावयाने पायी ओलांडला.

वेगेनर गेला आणि त्याची कल्पनाही बर्फात गाडली गेली, असे आपण समजतो. ते पूर्ण खरे नाही. दक्षिण आफ्रिकेचा ड्यु टॉइट खडकांचे थर जुळवीत राहिला. इंग्लंडच्या आर्थर होम्सने पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने प्रावरणात मंद प्रवाह फिरत असावेत आणि त्यांवरून खंड वाहत जात असावेत, असे सुचवले. वेगेनरला न सापडलेल्या बलाची दिशा हीच होती. आपले बिरबल सहानी यांनी १९३६ साली वनस्पतींच्या जीवाश्मांच्या आधारे या कल्पनेची बाजू घेतली. आणि मग आपला काळा पाषाण साक्षीला आला. लाव्हा थिजताना त्यातले चुंबकीय कण पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे वळून कायमचे स्थिर होतात. त्यांचा कल मोजला की तो लाव्हा कोणत्या अक्षांशावर थिजला ते कळते. लंडनच्या इंपिरिअल कॉलेजच्या संशोधकांनी १९५६ साली दख्खनच्या पाषाणावरचे असे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच सुमारास हे काम सुरू झाले. सह्याद्रीचा हा पाषाण थिजला तेव्हा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता! १९६२-६३ च्या सुमारास हेस, व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी महासागराचा तळच मधून फाकत जातो हे दाखवले, आणि त्या दशकाच्या अखेरीस वेगेनरचे विरोधक बोटांवर मोजण्याइतके उरले. खंड समुद्रतळावरून नांगरत जातात ही त्याची समजूत टिकली नाही. तळासकट मोठाल्या पट्टांवरून ते वाहिले जातात हे आज आपण जाणतो. पण ते वाहिले जातात. आता तर उपग्रहांच्या साहाय्याने त्यांची चाल वर्षाच्या वर्षाला मोजता येते.

एल्झाने हे सारे पाहिले. तिने १९६० साली पतीच्या रोजनिश्या, पत्रे आणि आठवणी यांचे पुस्तक काढले. १९८० साली, त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, जर्मनीत ब्रेमरहाफेन येथे त्याच्या नावाची ध्रुवीय संशोधन संस्था उभी राहिली. शंभरी गाठून १९९२ साली एल्झा गेली.

परीक्षेत तो प्रश्न आलाच. मी गुण चार आणि दोष सात असेच लिहिले, वेळ नव्हता. दगड आता घरी नाही. बाबांना सगळी हकिगत सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीच तो धुऊन-पुसून विभागाला देऊन टाक म्हटले. विभागाच्या काचेच्या कपाटात तो ठेवला आहे. खालची चिठ्ठी मी लिहिली : ग्लोसॉप्टेरिस, वणी कोळसाक्षेत्र. देणगीदार म्हणून बाबांचे नाव. आजीचे कुंकू शिरांच्या जाळीत अजून थोडे अडकलेले आहे. ते काढू नये असे सरांनी सांगितले.